सिपोराचा ताप

येहुदितमावशीने आयुष्यात चार बायका मारल्या. चौघीही तरुण होत्या, चौघीही सुगरण होत्या आणि चौघीही शेवटच्या प्रकरणात गेल्या. हे माझं म्हणणं नाही. तिचे यजमान, म्हणजे आमचे हिलेलकाका, घरात नवा पाहुणा आला की चहा यायच्या आत हे सांगून टाकत. "चौघींना मारून इथे पळून आलीय," ते म्हणत, "नाहीतर एवढ्या लांब वाळवंटात कोण राहायला येतंय?"

पाहुणा दचकला की मग काका ट्रंक उघडून चार कादंबऱ्या बाहेर काढत. 'चौथ्या माळ्यावरची सून', 'निरोपाचा रुमाल' आणि आणखी दोन. चारही मुंबईत छापलेल्या, वाचनालयांतून हातोहात फिरून मऊ पडलेल्या. मुखपृष्ठावर पदर सावरणारी बाई आणि खाली नाव, सौ. य. हि. वाकरूळकर. या नावावरून कुणाला कळणार की लिहिणारी आमच्यातली, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू? साताऱ्याच्या एका वाचक बाईंनी तर तिला पोस्टाने हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवलं होतं. मावशीने ते पाकीट प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवलं. आजही ते तिथेच आहे.

मी मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. इस्राएलमधल्या बेर्शेबाच्या हॉस्पिटलात रक्त तपासते. काचेवरच्या पेशी मोजायच्या आणि आकडा लिहायचा, हे माझं काम. लिहिण्याची दुसरी सवय मला नाही. त्यामुळे जे पाहिलं ते पाहिलं तसंच सांगते.

मावशीचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. घरी तेलाचा घाणा. शनिवारी आमच्या लोकांचा शब्बाथ, म्हणून घाणा बंद, बैलाला सुट्टी. त्यावरूनच गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शिवायचं नाही, लिहायचं नाही. पण तोंडाने सांगायला बंदी नव्हती. त्या रिकाम्या दुपारी मावशीची आजी ओटीवर बसून गोष्टी सांगायची आणि आळीतल्या बायका डाव्या हातावर डोकं टेकून ऐकायच्या. मावशी कादंबरीकार झाली ती त्या ओटीवर. शाळा चौथीपर्यंतच.

लग्न होऊन माझगावला गेल्यावर तिने तीच रीत चालू ठेवली. शनिवारी दुपारी इमारतीतल्या बायकांना एक प्रकरण तोंडी सांगायचं आणि रविवारपासून ते कागदावर उतरवायचं. तिचा एक नियम होता. शब्बाथला तोंडातून गेलं ते आठवड्यात बदलायचं नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "कागदावर मी लबाडी करते गो. विशेषणं घालते. बायका समोर असल्या की लबाडी चालत नाही, त्या जांभया देतात."

१९५४ साली ती इस्राएलला आली. बंदरावर नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाने धंदा विचारला. काकांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की ही पुस्तकं लिहिते. कुठल्या भाषेत, त्याने विचारलं. मराठी हे उत्तर ऐकून त्याने थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं, गृहिणी. त्याचं फारसं चुकलंही नाही. पुढची आठ वर्षं मावशीने एक ओळ लिहिली नाही. आमच्याच हॉस्पिटलात तिला शिवणखोलीत काम मिळालं. फाटक्या चादरींना ठिगळ लावणं. तिची ठिगळं इतकी सपाट असत की पेशंटला टोचत नसत. नर्सेस तिला त्यावरूनच ओळखत.

मग १९६२च्या जुलैमध्ये मुंबईहून एक पत्र आलं. तिथल्या एका बायकांच्या मासिकाचे नवे संपादक तिच्या जुन्या वाचकांपैकी निघाले. कादंबरी लिहाल का, दरमहा एक प्रकरण छापू, असं त्यांनी विचारलं होतं. मावशीने पत्र तीन वेळा वाचलं, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि चादर शिवायला बसली. संध्याकाळी बसमध्ये माझ्याशेजारी बसल्यावर म्हणाली, "नाओमी, मुलीचं नाव सिपोरा ठेवूया?"

चारही कादंबऱ्यांच्या नायिका मालती, शालिनी अशा होत्या. आमच्यातली एकही नव्हती. ही पहिली.

शिकून दालेत म्हणजे सरकारने आमच्यासारख्यांसाठी बांधलेल्या चाळवजा इमारतींची एक वस्ती. तिथे मावशीच्या दोन खोल्यांत पुन्हा शनिवारची बैठक सुरू झाली. आठ-दहा बायका, खिडकीच्या फटींतून येणारी धूळ, आदल्या दिवशीच करून ठेवलेली थंड चपाती आणि बटाट्याची भाजी. मावशी पलंगावर मांडी घालून बसे आणि सिपोराची हकीकत पुढे नेई. रेवदंड्याची मुलगी, बाप आगबोटीवर, आई नाही, मुंबईत नर्सिंग शिकायला जाते. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना वाटे, हे तर आपलंच. ही नागमोडी वाट तर माझ्या माहेरची, असं एकीने म्हटलं की दुसरी म्हणे, तुझी कसली, माझी.

मावशीची मुलगी ओफ्रा तेव्हा पंधरा वर्षांची. तिला मराठी कळे, पण उत्तर ती हिब्रूत देई. आईच्या पुस्तकातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. बैठक सुरू झाली की ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेई. बंद मात्र करत नसे. हे मी पाहिलं होतं.

माझा या कादंबरीतला वाटा एवढाच की सिपोराला विषमज्वर मी दिला. म्हणजे मावशीने एक दिवस जेवणाच्या सुट्टीत विचारलं, हळूहळू मारणारा ताप कुठला? मी सांगितलं. तिसरा आठवडा धोक्याचा, हेही सांगितलं. गोष्ट १९३५ सालातली होती, आताची औषधं तेव्हा निघाली नव्हती. तिने सगळं नीट विचारून घेतलं, जीभ कशी दिसते, बोलताना भ्रम कसा होतो, टेंपरेचर सकाळी किती आणि संध्याकाळी किती. मी आनंदाने सांगत गेले. माझ्या शिक्षणाचा असा उपयोग याआधी कुणी केला नव्हता.

सिपोरा मरणार हे मला माहीत होतं. मावशीच्या नायिका मरतातच. शिवाय संपादकांचं दुसरं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, वाचक खूश आहेत, शेवट तुमच्या पूर्वीच्या कादंबऱ्यांसारखा करुण झाला तर एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार आहे, मात्र गोड शेवटाची पुस्तकं सध्या फार झाली आहेत. मावशीला पुस्तक हवं होतं. तिने तसं कधी म्हटलं नाही. पण चार पुस्तकांच्या शेजारी ट्रंकेत पाचव्याएवढी जागा तिने हाताने सारून करून ठेवली होती. तिथे ती दुसरं काही ठेवू देत नसे. एकदा काकांनी तिथे मोजे ठेवले तर ते बाहेर आले.

आता रिव्काबाईंबद्दल सांगायला हवं. १९६३च्या मार्चमध्ये त्या पनवेलहून मुलाकडे, गर्शोनकडे, राहायला आल्या. वय सत्तरच्या पुढे. सामानात दोन पातेली, मसाल्याची बाटली आणि पोह्यांचा मोठा डबा. तेव्हा बेर्शेबात पोहे मिळत नसत. आणि पोह्यांशिवाय मलिदा होत नाही. आमच्यात काही मागणं असलं की एलियाहू हनाबीला, म्हणजे आमच्या एलिया पैगंबराला, नवस बोलतात. इच्छा पुरी झाली की भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची असं कालवून, वर फळं लावून ताट मांडतात आणि प्रार्थना म्हणून वाटतात. तो मलिदा. रिव्काबाईंनी डबा आणला होता तो नातू झाला की करायच्या मलिद्यासाठी. गर्शोनच्या बायकोला दोन मुली होत्या. डबा कपाटावर वाट बघत होता. वस्तीतल्या सगळ्यांना त्या डब्याची माहिती होती.

रिव्काबाई शनिवारच्या बैठकीला येऊ लागल्या तेव्हा गोष्ट नवव्या प्रकरणात होती. त्यांना काय दिसलं? मावशीच्या हातात कागद नाही, पुस्तक नाही. शब्बाथ असल्याने असणारच नाही. ती पलंगावर बसून सांगते आहे की आपल्या सिपोराला बरं नाही, मुंबईच्या हॉस्पिटलात ठेवलंय, डोकं भादरलंय. आणि बाकीच्या बायका डोळे पुसताहेत. रिव्काबाईंना वाटलं, मुंबईहून पत्र येतं आणि येहुदित ते शेजारणींना सांगते. सिपोरा कुणीतरी भाची असणार. विचारायची गरजच पडली नाही. आमच्यात कुणाचीही कुणीतरी भाची असतेच.

आम्हाला हे कुणालाच कळलं नाही.

जूनमध्ये मावशीने पहिल्यांदा आपली रीत मोडली. सिपोराच्या मरणाचं प्रकरण तिने आधी लिहिलं. सांगण्याआधी. बुधवारी पाकिटात घालून विमानाने रवानाही केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांच्या तोंडाकडे बघून मला ते जमलं नसतं. आता झालं. शनिवारी फक्त सांगायचं." प्रकरण मी वाचलं होतं. प्रयोगशाळेत, पाण्याच्या नळाशी उभी राहून. एकही विशेषण नव्हतं. सिपोरा भ्रमात आगबोटीचा भोंगा ऐकते आणि चपला शोधते, एवढंच. वाचल्यावर मला चेहरा धुवावा लागला.

शनिवारी सगळ्या जमल्या. मावशीने पाण्याचा पेला बाजूला ठेवला, पदर घेतला. ती तोंड उघडणार तेवढ्यात रिव्काबाई बोलल्या.

"येहुदित, काळजी करू नको गो. मी नवस बोललेय. पोरगी उठून बसली की माझा तो डबा फोडायचा. सगळा."

बायका चमकून रिव्काबाईंकडे वळल्या.

"आणि माझ्या भाच्याला लिहिलंय," त्या पुढे म्हणाल्या, "इझिकेलला. तो मुंबईला हॉस्पिटलातच कामाला आहे. म्हटलं, आपली सिपोरा म्हणून आहे कुणी, बायकांच्या वॉर्डात बघ, दुपारची पेज घेऊन जा. आईविना पोर. कोण बघणार तिचं? तापाचं मला सांगू नका, माझी एक गेलीय तापात."

मी मावशीकडे बघितलं. सगळ्याच बघत होत्या. रिव्काबाईंना सांगणं सोपं होतं, की आजी, ही गोष्ट आहे. एक वाक्य. पण ते कुणाच्या तोंडून निघेना. आतल्या दारात ओफ्रा उभी होती. दार आता लोटलेलंही नव्हतं.

मावशीने पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाली, "ताप उतरला."

"कधी?" रिव्काबाईंनी विचारलं.

"पहाटे. घाम आला. पेज मागितली तिने."

पुढचं सगळं प्रकरण तिने तिथल्या तिथे रचून सांगितलं. मला ते धड आठवतही नाही, कारण मी एकच हिशेब करत होते. शब्बाथला तोंडातून गेलं ते बदलायचं नाही. आणि मरणाचं प्रकरण तीन दिवसांपूर्वी विमानात बसलं होतं.

बायका गेल्यावर काकांनी विचारलं, "पाचवी वाचली म्हणायची?" मावशी म्हणाली, "पुस्तक गेलं." आणि ट्रंकेकडे न बघता ताटं उचलू लागली.

रविवारी सकाळी आम्ही तिघी पोस्टात गेलो. मावशीला तार करायची होती, माझं इंग्रजी कामापुरतं होतं आणि हिब्रू बोलायला ओफ्रा. तारेचा मजकूर मी लिहिला. सिपोराला मारू नका, नवं प्रकरण येत आहे, वाकरूळकर. खिडकीमागे बारूख म्हणून एक प्रौढ कारकून होता, रुमानियाचा. त्याने कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला आणि तार बाजूला ठेवून उभा राहिला. असली तार तो पाठवणार नव्हता. आधी त्याला सगळं समजायला हवं होतं. त्याने हिब्रूत विचारलं, ही सिपोरा कोण आणि तिला कोण मारणार आहे?

"माझी आई," ओफ्रा म्हणाली.

बारूखने मावशीकडे पाहिलं. चार फूट दहा इंच उंची, हातात पिशवी, केसांत पिन.

"माझी आई सोफेरेत आहे," ओफ्रा म्हणाली. सोफेरेत म्हणजे लेखिका. नऊ वर्षांपूर्वी बंदरावर जो शब्द लिहिला गेला नाही तो. या देशात मावशीबद्दल तो कुणी उच्चारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मावशीला अर्थ माहीत होता. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग ओफ्राने बारूखला सगळी गोष्ट सांगितली. आगबोटीपासून. एकही प्रकरण न गाळता. मागे रांग लागली होती, तीही ऐकत होती. तापापर्यंत आल्यावर बारूखने चष्मा लावला आणि शिक्का उचलला. "बरी झाल्यावर लग्न होतं का तिचं?" त्याने विचारलं.

ओफ्रा आईकडे वळली आणि चक्क मराठीत म्हणाली, "होतं का गं, इमा?"

"बघू," मावशी म्हणाली.

त्या मंगळवारी दुपारी, दुकानं बंद असताना, गर्शोनच्या घरी मलिदा झाला. डबा खरंच फोडला. खोबरं सुकं होतं, केळी कडक होती आणि खजूर मात्र उत्तम. काकांनी प्रार्थना म्हटल्या. ज्या मुलीचं नाव घेऊन ताट फिरलं ती जगात नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, रिव्काबाई सोडून. काकासुद्धा गंभीर होते. मावशीने वाटी संपवली आणि आणखी घेतली.

तीन आठवड्यांनी इझिकेलचं उत्तर आलं. सगळे वॉर्ड पाहिले, सिपोरा नावाची पेशंट नाही. आम्ही घाबरलो. रिव्काबाई म्हणाल्या, "असेल कशी? बरी होऊन घरी गेली ना. मेला उशिराच गेला असणार."

संपादकांचं पत्र त्यानंतर आलं. तार मिळाली, त्यांनी लिहिलं होतं. पाठोपाठ सिपोराच्या मरणाचं प्रकरणही मिळालं. ते वाचून मी ऑफिसात रडलो, म्हणून तार बाजूला ठेवली, क्षमस्व. तुमच्या हातून याहून चांगलं काही लिहून झालेलं नाही. प्रकरण छापत आहे. पुस्तकाचंही ठरलं आहे.

मावशी तीन दिवस धुमसत होती. आपल्याला न विचारता आपल्याच मुलीला मारलं, म्हणाली. चौथ्या दिवशी चादरीला टाका घालता घालता तिने मला विचारलं, "लेखिकेला प्रती सहा देतात की दहा?"

यावर मला हसू आलं आणि तिलाही. मग सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "ते प्रकरण चांगलं होतं, नाही?" मी म्हटलं, होतं. ते खरंच होतं.

शनिवारची गोष्ट थांबली नाही. मुंबईत सिपोरा गेली, बेर्शेबात ती जगत होती. ती परीक्षा पास झाली, आगबोटीवरच्या एका तांडेलाच्या मुलाशी तिचं जमलं. त्या वर्षी इथले धर्मगुरू आमच्या लोकांना लग्नाच्या नोंदणीला गेल्यावर, खरे ज्यू का हे तपासायला, आजी-पणजी कोण होत्या ते विचारत होते. जेरुसलेमला आमची माणसं त्यासाठी धरणं धरून बसली होती. मावशीने सिपोराचं लग्न लावलं तेव्हा हातांना मेंदी होती, नारळ होते, सातही आशीर्वाद होते, आणि पणजीचं नाव कुणी विचारलं नाही. हे तिने नुसतं सांगितलं, जोर दिला नाही. ही प्रकरणं ती रविवारी हॉस्पिटलच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर उतरवून काढत असे. ती छापायची नव्हती.

१९६४च्या मेमध्ये आगबोटीने पार्सल आलं. सहा प्रती. मुखपृष्ठावर नर्सच्या टोपीतली मुलगी आणि खाली तेच नाव. मावशीने एक प्रत ट्रंकेतल्या जागेत ठेवून पाहिली. बरोबर बसली. बाकीच्या तिने शेजारणींना दिल्या आणि प्रत्येकीला बजावलं की रिव्काबाईंच्या दृष्टीस पडू देऊ नका.

वस्तीत अशी गोष्ट किती दिवस लपणार? दुसऱ्याच आठवड्यात रिव्काबाई दारात उभ्या. सगळ्यांना दिलंस, मला नाही? मावशीने सांगून पाहिलं, अक्षर बारीक आहे. गर्शोनच्या मुलीचं भिंग आहे, त्या म्हणाल्या. ट्रंकेतली प्रत घेऊन गेल्या.

ते आठ दिवस मावशीने चादरींना वाकडी ठिगळं लावली. दोन परत आल्या. मला म्हणाली, "तिचा डबा फोडला मी, नाओमी. नातवासाठीचा." गर्शोनची बायको तेव्हा पुन्हा गरोदर होती. मावशीच्या डोक्यात तेच घोळत होतं. एक शनिवार रिव्काबाई आल्याच नाहीत. मावशीने त्या दिवशी गोष्ट सांगितली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

पुढच्या शनिवारी त्या आल्या. पुस्तक आदल्या दिवशीच गर्शोनच्या हाती परत पाठवलं होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसल्या. मावशीने पाण्याचा पेला तीनदा सरकवला.

"वाचलं," रिव्काबाई म्हणाल्या. "आगबोटीचा भोंगा वाजतो ते दोनदा वाचलं. लई रडले. माझी गेली तेव्हा मला एवढं रडता आलं नव्हतं, घरात माणसं होती." त्यांनी भिंतीला पाठ नीट टेकली. "बरं लिहिलंस गो."

मावशी म्हणाली, "रिव्काबाई, ती सिपोरा..."

"ती मुंबईची," रिव्काबाईंनी तिला पुरं करू दिलं नाही. "तिचं आयुष्यच तेवढं. आपली कशी आहे ते सांग. किती दिवस झाले, तिची खबर नाही."

रिव्काबाईंना केव्हापासून माहीत होतं, मलिद्याच्या आधीपासून की पुस्तक वाचल्यावर, हे मी कधी विचारलं नाही. मावशीनेही विचारलं नाही. तिने पदर घेतला, मांडी नीट केली.

"बरी आहे," ती म्हणाली. "सातवा लागलाय तिला."

"अगो!" रिव्काबाईंनी गुडघ्यावर हात मारला. "आणि हे आज सांगतेस? म्हणजे आता दोन झाल्या, ती नि आमच्या घरची. इझिकेलला उद्याच लिहायला पाहिजे. पोहे यायला महिने लागतात."